ते किती तास चाललं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: "मी नागपुरात केमिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गात आम्ही अजून ऊर्ध्वपातनाच्या (द्रव उकळून घटक वेगळे करण्याच्या) आलेखावर मॅककेब-थीलच्या पायऱ्या काढतो, त्या १९२५ सालच्या. घरचे म्हणतात विषय जुना झाला, कोडिंग शीक. या क्षेत्रात गेल्या पाच-सात वर्षांत खरंच काही नवं घडलंय का? आणि पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टला त्यातलं काय घेता येईल?"

घडलंय, आणि पुष्कळ घडलंय. पण मी ते ज्या क्रमाने सांगणार आहे तो पुरस्कारांचा किंवा बातम्यांचा क्रम नाही. माझी एकतीस वर्षं नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरी भागातल्या प्लांटांमध्ये गेली. बहुतेक काम सॉल्व्हंट रिकव्हरीचं, म्हणजे वापरलेले द्रावक परत मिळवण्याचं, काही बाष्पीभवनाचं. त्यामुळे कुठलाही शोधनिबंध हातात आला की माझी नजर आधी एकच आकडा शोधते: हा प्रयोग किती तास चालला? प्लांटचं वर्ष साधारण ८,००० तासांचं असतं. उरलेले तास शटडाऊनचे. नव्या संशोधनात मला सर्वांत आनंद कशाचा होत असेल तर याचा, की हा प्रश्न आता संशोधक स्वतःच विचारू लागलेत.

एक उदाहरण जरा सावकाश सांगतो, कारण त्यात आपला सगळा विषय आहे.

कार्बन डायऑक्साइडला वीज देऊन त्यापासून कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन, फॉर्मिक आम्ल असे उपयोगी पदार्थ बनवायचे, यावर गेली दहा-पंधरा वर्षं जगभर काम चालू आहे. उपकरण डोळ्यांसमोर आण. मधे एक पातळ पडदा. त्याच्या एका बाजूला पाण्यात विरघळलेला पोटॅशियमचा क्षार, दुसऱ्या बाजूला सच्छिद्र इलेक्ट्रोड, त्यावर चांदीसारख्या उत्प्रेरकाचा थर आणि मागून बारीक चरांतून वाहणारा कार्बन डायऑक्साइड. पडदा कोरडा पडू नये म्हणून वायू आधी पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत आणायचा, ही सर्वांची पद्धत. आता होतं असं, की इलेक्ट्रोडपाशी तयार होणारा हायड्रॉक्साइड आलेल्या कार्बन डायऑक्साइडलाच धरतो आणि बायकार्बोनेट होतो. पडद्यातून थोडं पोटॅशियमही पलीकडे झिरपतं. दोघं भेटले की पोटॅशियम बायकार्बोनेट, आणि ते पाण्यात फार विरघळणारं नाही. चरांमध्ये पांढरे खडे जमतात, वायूची वाट बंद होते, इलेक्ट्रोड पाण्याने भरतो. ८० तासांच्या आसपास सेल बसतो.

हे वाचताना मला घरचा कूलर दिसत होता. नागपूरच्या मे महिन्यात कूलरच्या ताट्यांवर काय चढतं ते तुला सांगायला नको. पाणी उडून जातं, कॅल्शियम मागे राहतं, पंधरा दिवसांत वाळ्याचा वास जातो आणि पांढरी खरपुडी येते. मग हवा ताटीतून जातच नाही, पंखा नुसता घरघरतो. माझी आई पंपाची नळी आणि जाळी लिंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायची. सकाळी खरपुडी सुटलेली असायची.

ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात हाओतियान वांग यांच्या गटाने २०२५ मध्ये जवळपास हेच केलं. कार्बन डायऑक्साइड पाण्याच्या बाटलीतून आणण्याऐवजी सौम्य आम्लाच्या बाटलीतून आणला. आम्लाची किंचित वाफ वायूबरोबर चरांपर्यंत पोचते आणि बायकार्बोनेटचे खडे जास्त विरघळणाऱ्या क्षारात बदलून वाहून नेते. उत्प्रेरक तोच ठेवला, बदलली फक्त बाटली. १०० चौरस सेंटिमीटरचा सेल ४,५०० तासांहून जास्त चालला. कुठे सव्वातीन दिवस आणि कुठे सहा महिने! तो निबंध 'सायन्स'मध्ये आला आणि माझ्या मते यायलाच हवा होता. यात नवा रेणू कोणीच शोधलेला नाही. क्षार कुठे साचतो, का साचतो, वायूबरोबर काय पाठवता येईल, एवढाच विचार आहे, आणि हा विचार तुझ्या मास ट्रान्सफरच्या पेपरातला आहे.

दुसरी गोष्ट अमोनियाची. ती मला या सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तीत एका अख्ख्या क्षेत्राने स्वतःची तपासणी केली.

हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करणारी हेबर-बॉश पद्धत १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊला सुरू झाली. ४०० ते ५०० अंश तापमान, १५० ते २५० पट हवेचा दाब, लोखंडाचा उत्प्रेरक. आपल्या शेतात पडणारा युरिया आजही याच वाटेने येतो. ते तापमान आणि तो दाब टाळून, साध्या खोलीत विजेने नायट्रोजनचा अमोनिया करता आला तर? साधारण २०१० नंतर असे दावे करणाऱ्या निबंधांचा पूर आला. अमोनिया मिळायचाही, पण अगदी चिमूटभर. इतका थोडा, की तो नायट्रोजनपासून आला की दुसरीकडून, हे कळायला मार्ग नव्हता. अमोनिया सगळीकडे असतो: प्रयोगशाळेच्या हवेत, हातमोज्यांवर, माणसाच्या श्वासात, पडद्याच्या पापुद्र्यात. २०१९ मध्ये डेन्मार्कचं तांत्रिक विद्यापीठ आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक काटेकोर कार्यपद्धती मांडली. वजनदार नायट्रोजन-१५ वापरा, तो वायू आधी शुद्ध करा, आणि तयार झालेल्या अमोनियात तोच नायट्रोजन त्याच प्रमाणात सापडतो का ते पाहा. त्यांनी तपासलेल्या पदार्थांपैकी लिथियमच्या मार्गानेच (विजेने लिथियम धातू बनवायचा, तो नायट्रोजनला धरतो) अमोनिया खात्रीने मिळाला.

पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच डॅनिश गटाने लिथियमचा तो मार्ग सलग ३०० तास चालवून दाखवला. २५ चौरस सेंटिमीटरचा वाहता सेल होता आणि दिलेल्या विद्युतप्रवाहापैकी सुमारे ६४ टक्के प्रवाह अमोनियाच्या कामी आला. आणि नेमका बदल कुठे होता? द्रावकात. आधी सगळे टेट्राहायड्रोफ्युरान वापरत. ते भराभर उडतं आणि चालू सेलमध्ये त्याच्या साखळ्या बनून चिकट होतं. त्याऐवजी लांब साखळीचा, उशिरा उकळणारा ईथर घेतला. त्यामुळे अमोनिया द्रावकात अडकून न राहता जवळजवळ सगळा वायूबरोबर बाहेर आला, म्हणजे वेगळं करायचं कामही वाचलं.

यावरून उद्या हेबर-बॉश बंद पडेल असं मी म्हणणार नाही. लिथियम धातू बनवायला तीन व्होल्टपेक्षा जास्त लागतात, म्हणून विजेचा खर्च अजून खूप आहे. आणि ओप्पाऊच्या वंशातला लोखंडी उत्प्रेरक एकदा भरला की दहा-दहा वर्षं चालतो. ३०० तास म्हणजे साडेबारा दिवस. पण हे साडेबारा दिवस खरे आहेत, आणि आधीच्या शेकडो निबंधांबद्दल तसं म्हणता येत नाही.

आता माझ्या घरच्या विषयाकडे येतो: वेगळं करणं. रसायन तयार करणं हे निम्मं काम, ते बाकीच्यातून वेगळं काढणं हे उरलेलं निम्मं, आणि पैसा बहुतेक तिथेच जातो. जॉर्जिया टेकच्या शोल आणि लाइव्हली या दोघांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला होता, की अमेरिकेतल्या उद्योगांच्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास निम्मी ऊर्जा वेगळं करण्यावर खर्च होते. त्यातही सर्वांत खादाड म्हणजे ऊर्ध्वपातन. तुझ्या मॅककेब-थीलच्या प्रत्येक पायरीखाली कुठेतरी बॉयलर पेटलेला असतो.

म्हणून पडद्यांवरचं, म्हणजे मेम्ब्रेनवरचं संशोधन इतक्या जोरात आहे. आणि तिथे नेमकं काय अडतं, ते मी स्वतः हात पोळून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलमधून पाणी काढायचं काम होतं. तुला माहीतच आहे, ते मिश्रण ८८ टक्क्यांच्या आसपास अडतं. पुढे कितीही उकळा, वाफेत आणि द्रवात तेच प्रमाण. जुना उपाय म्हणजे तिसरं द्रव घालायचं, सायक्लोहेक्झेनसारखं. आम्ही ठरवलं, पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा पडदा लावू, पाणी पडद्यातून पलीकडे जाईल. लॅबमध्ये तीन दिवस ट्रायल घेतली, आकडे इतके सुंदर आले की लगेच प्लांटवर लावलं. पहिला आठवडा छान गेला. अकराव्या दिवशी रात्रपाळीच्या सॅम्पलमध्ये पाणी वाढलेलं दिसलं, सकाळी आणखी वाढलं. मॉड्यूल उघडलं तेव्हा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, पडदा तर फुगून राहिला." बोट लावलं तर गास्केटच्या कडेने तो भिजल्या पापडासारखा मऊ पडला होता. शोध घेतल्यावर कळलं, की येणाऱ्या मालात एक टक्क्याहूनही कमी डायमिथाइल फॉर्मामाइड होतं, आधीच्या प्रक्रियेतून राहून गेलेलं. तेवढंच पडद्याला पुरलं. लॅबमध्ये आम्ही बाटलीतलं शुद्ध अल्कोहोल वापरलं होतं. चूक माझी होती, कारण ट्रायलचा आराखडा माझा होता. प्लांटचाच माल मागवायला हवा होता आणि तीन दिवसांऐवजी निदान तीस दिवस चालवायला हवं होतं.

म्हणून २०२५ मध्ये एमआयटीच्या झॅकरी स्मिथ यांच्या गटाचं काम वाचलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. विषय कच्च्या तेलाचा. त्यातले हलके आणि जड घटक उकळून वेगळे करण्याऐवजी पडद्यातून गाळायचे. पडदा बनवायची रीत समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या पडद्यांचीच: दोन द्रवांच्या सीमेवर पापुद्रा धरू द्यायचा. पण त्या पडद्यातला अमाइड बंध तेलात फुगतो, छिद्रं सैल होतात. त्यांनी तिथे इमाइन बंध आणला, साखळ्या ताठ केल्या, आणि फुगणं आटोक्यात आलं. त्याआधी २०२० मध्ये जॉर्जिया टेक, लंडनचं इम्पीरियल कॉलेज आणि एक्सॉनमोबिल यांनी वेगळ्या पॉलिमरने खरं कच्चं तेल पडद्यातून वेगळं करून दाखवलं होतंच. मला यातली दिशा पटते. रीत जुनी, कारखान्यांना सवयीची, आणि बदल नेमका जिथे पडदा हरत होता तिथे. खऱ्या तेलातलं मेण आणि डांबर महिनोन्महिने झेलून हा पडदा काय करतो, ते मात्र अजून पाहायचं आहे.

आता ज्याच्याबद्दल तू बातम्यांत वाचलं असशील ते. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळालं, धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या जाळीदार स्फटिकांसाठी. सगळे त्याला मॉफ म्हणतात. एका ग्रॅममध्ये हजारो चौरस मीटर पृष्ठभाग, छिद्रांचा आकार हवा तसा. असे हजारो पदार्थ बनले, पण बहुतेकांची खोड एकच: ओलाव्यापुढे टिकत नाहीत, किंवा टिकले तरी छिद्रांत आधी पाणी भरून घेतात. आणि धुराड्यातला वायू नेहमी ओला असतो.

इथे कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राचा हिशेब कर. ६६० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर चालला तर तासाला ढोबळमानाने ५५० ते ६०० टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो पकडायची प्रस्थापित रीत म्हणजे अमाइनचं, म्हणजे अमोनियाच्या कुळातल्या रसायनाचं, पाणी. त्याचं पेटंट १९३० चं आहे. थंड अमाइन वायू धरतं, मग १२० अंशांच्या आसपास तापवून सोडवून घ्यायचा. टनामागे साडेतीन गिगाज्यूलच्या आसपास उष्णता लागते. ९० टक्के वायू पकडायचा म्हटलं तर सुमारे ५०० मेगावॅट उष्णता नुसती अमाइन तापवायला हवी! हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर काढला तेव्हा पुन्हा पुन्हा तपासला. संचाच्या विजेचा पाचवा ते चौथा हिस्सा यात जातो, आणि याच कारणाने कोळशाच्या फारच थोड्या वीजकेंद्रांवर असे प्लांट उभे राहिले.

या पार्श्वभूमीवर कॅल्फ-२० नावाचा मॉफ बघ. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने तो विकसित केला आणि २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये त्यावरचा निबंध आला. जस्त, ऑक्झलेट आणि ट्रायअझोल, सगळी स्वस्त रसायनं. कार्बन डायऑक्साइड तो हलक्या हाताने धरतो: मोलमागे सुमारे ३९ किलोज्यूल, अमाइनची पकड याच्या दुपटीहून घट्ट. सोडवायला कमी उष्णता पुरते. आणि मुख्य म्हणजे सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असेपर्यंत तो पाण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडलाच जास्त जागा देतो, वाफेचा मारा सहन करतो, आम्लधर्मी ओला वायूही सोसतो. त्या निबंधाच्या शीर्षकातच 'मोठ्या प्रमाणावर बनवता येणारा' आणि 'टिकाऊ' हे दोन शब्द आहेत. जर्मनीच्या बीएएसएफ या रसायन कंपनीने त्याचं मोठं उत्पादन हाती घेतलं आणि कॅनडातल्या एका सिमेंट कारखान्याच्या खऱ्या धुरावर दिवसाला एक टनाच्या पातळीवर चाचण्या झाल्या. एक टन दिवसाला आणि कोराडीचे पाचशे-सहाशे टन तासाला, हे अंतर तुझ्या पिढीला कापायचं आहे.

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर भट्ट्यांबद्दल. पारंपरिक भट्टीत नळ्यांच्या बाहेर वायू जाळतात, नळ्यांच्या आत प्रक्रिया चालते, आणि नळीच्या भिंतीतून उष्णता आत न्यायची हीच मोठी अडचण. २०१९ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी टॉपसो कंपनीच्या सोबतीने मिथेन रिफॉर्मिंगच्या (मिथेन आणि वाफेपासून हायड्रोजन बनवण्याच्या) नळीतूनच वीज सोडली. नळी स्वतः तापते, आतल्या भिंतीवर उत्प्रेरकाचा पातळ थर, त्यामुळे उष्णता जिथे हवी तिथेच तयार होते. रिअॅक्टर शंभर पटींनी लहान होऊ शकेल असा त्यांचा हिशेब होता. पुढे एप्रिल २०२४ मध्ये जर्मनीत लुडविग्सहाफेनला बीएएसएफ, साबिक आणि लिंडे यांनी विजेवर चालणाऱ्या स्टीम क्रॅकरच्या (वाफेसोबत तापवून मोठे रेणू तोडून इथिलीनसारखे लहान रेणू बनवणाऱ्या) प्रात्यक्षिक भट्ट्या सुरू केल्या. ८५० अंश, ६ मेगावॅट, तासाला सुमारे ४ टन माल. हे मला फार मोठं पाऊल वाटतं. पण आपल्याकडे लावण्याआधी एक गणित करायचं. भट्टीत नैसर्गिक वायू जाळून एक युनिट उष्णता घेतली तर साधारण पाव किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. कोळशावरच्या विजेचं एक युनिट म्हणजे जवळपास एक किलो. सौर किंवा पवनवीज चोवीस तास मिळेपर्यंत विदर्भात ही भट्टी धूर कमी करणार नाही, धुराचा पत्ता बदलेल.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात, कारण त्यावर खूप लिहिलं गेलंय. २०१६ मध्ये जपानमध्ये साकाई इथे पेट, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, खाणारा जिवाणू सापडल्याचं जाहीर झालं. २०२० मध्ये फ्रेंच संशोधकांनी पालापाचोळ्याच्या कंपोस्टमधल्या एका एन्झाइमला सुधारून १० तासांत ९० टक्के पेट त्याच्या मूळ घटकांत मोडून दाखवलं. छान काम. पण मोडताना आम्ल सुटतं, ते कॉस्टिक सोडा घालून शमवावं लागतं, आणि शेवटी हातात सोडियम सल्फेटचा ढीग उरतो. म्हणजे पुन्हा वेगळं करणं आलं. पिशव्यांच्या पॉलिथिनसाठी बर्कलीच्या गटाची २०२४ ची वाट अधिक आशादायक वाटते: स्वस्त घन उत्प्रेरकांवर इथिलीनसोबत तापवून त्यातून प्रोपिलीन परत मिळवायचं.

आता घरच्यांच्या कोडिंगबद्दल. ते चुकीचं सांगत नाहीत. पायथन शीकच. २०२० मध्ये लिव्हरपूल विद्यापीठात एका फिरत्या रोबोटने आठ दिवसांत ६८८ प्रयोग केले, पुढचा प्रयोग कोणता ते स्वतः ठरवत, आणि सुरुवातीपेक्षा सहा पट जोमदार उत्प्रेरकाचं मिश्रण शोधून काढलं. अशा प्रयोगशाळा आता वाढतायत. पण एक प्रसंग सांगतो. एका बाष्पीभवनाच्या प्लांटवर तापमानाच्या नोंदींवरून मॉडेल बसवायचं काम चाललं होतं. मॉडेल काही केल्या उष्णतेच्या ताळेबंदाशी जुळेना. तरुण पोरं चार आठवडे कोड तपासत बसली होती. शेवटी थर्मोवेल, म्हणजे तापमापक ज्यात बसवतात ती धातूची नळी, बाहेर काढला, त्यावर बोटभर जाड क्षार चढला होता, आणि तापमान चार अंश कमी दिसत होतं. ताळेबंद ज्याला हाताने मांडता येतो, त्यालाच अशी शंका येते. कोड लिहिणारे खूप मिळतील. कोड आणि थर्मोवेल दोन्ही समजणारी माणसं आजही आम्हाला शोधून मिळत नाहीत.

आपल्या भागाचे म्हणून दोन प्रश्न आहेत, ते परदेशातून कोणी सोडवून देणार नाही. पहिला, आपला कोळसा. त्यात ३५ ते ४५ टक्के राख. बाहेरचे गॅसिफायर, म्हणजे कोळशाचा वायू करणाऱ्या भट्ट्या, बहुतेक कमी राखेच्या कोळशासाठी बनलेले असतात. त्यांत राख वितळवून काढतात, आणि इतकी राख वितळवायची म्हणजे उष्णता दगड वितळवण्यात घालवण्यासारखं आहे. राख मऊ पडायच्या तापमानाखाली राहून, खालून वायू फुंकून उकळल्यासारख्या ठेवलेल्या थरात कोळसा फुलवायचा, ही आपली वाट. हैदराबादला भेलने २०२१ मध्ये याच वाटेने जास्त राखेच्या कोळशापासून दिवसाला पाव टन मिथेनॉल काढून दाखवलं. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कोळसा गॅसिफिकेशनला ८,५०० कोटींची मदत मंजूर केली. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे. तू त्यावर काम करायचं ठरवलंस तर कच्चा माल दारात आहे.

दुसरा प्रश्न धानाच्या तणसाचा. हरयाणात पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये तणसापासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला, पुण्याच्या प्राजच्या तंत्रज्ञानावर. क्षमता दिवसाला एक लाख लिटर, वर्षाला सुमारे दोन लाख टन तणीस. भंडारा-गोंदियाच्या बांधांवर ढीग पाहिले की सगळ्यांना वाटतं, इथेही व्हावं. व्हावंच. पण धानाच्या पात्यात सिलिका ठासून भरलेली असते, वरून शेतातली माती. ती कन्व्हेयर, स्क्रू, पंप, व्हॉल्व्ह सगळं खरवडत जाते. एन्झाइमवर शंभर निबंध निघतात, झिजलेल्या स्क्रूवर फारसे निघत नाहीत, आणि प्लांट थांबतो तो स्क्रूमुळे.

प्रोजेक्टसाठी माझी सूचना साधी आहे, आणि तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये होईल एवढीच आहे. कोराडी किंवा खापरखेड्याची उडती राख घे. कॉस्टिकच्या द्रावणात ९० ते १०० अंशांवर दिवसभर ठेवली की तिचं झिओलाइट, म्हणजे बारीक छिद्रांचं, वायू धरणारं खनिज, बनतं. यावर नागपुरात, नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेतही, पूर्वीपासून काम झालेलं आहे, त्यामुळे नुसतं झिओलाइट बनवून थांबू नकोस. त्याने कार्बन डायऑक्साइड किती धरला हे सगळे मोजतात, पण कोऱ्या आणि कोरड्या पदार्थाचं, पहिल्या फेरीचं. तू ५० फेऱ्या कर: वायू धरू द्यायचा, तापवून सोडवायचा, पुन्हा धरू द्यायचा. १३ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी नायट्रोजन असा वायू घे. पंचवीस फेऱ्या कोरड्या, पंचवीस ओल्या वायूने. ओल्या वायूत तुझं झिओलाइट दणकून हरेल, कारण त्याला पाणी जास्त आवडतं. हरू दे. किती फेऱ्यांत किती हरलं, आणि पुन्हा उभं करायला किती उष्णता लागली, हा आलेख काढ. शेजारी बाजारातलं १३एक्स झिओलाइट तुलनेला ठेव. पन्नासाव्या फेरीचा आकडा पहिल्या पानावर लिही.

काम डिसेंबरात सुरू कर, म्हणजे परीक्षेआधी कोरड्या फेऱ्या होतील. रोजच्या लॉगशीटवर वेळ, खोलीचं तापमान आणि ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं तापमान लिहायचं, एकही दिवस न चुकवता. नागपुरात एप्रिल-मेची हवा भट्टीसारखी कोरडी असते आणि जूनच्या शेवटी तीच चिंब होते. तुझा पदार्थ उघड्या डब्यात राहिला तर या दोन महिन्यांत त्याचं वजनच बदलेल, आणि नोंद नसेल तर तू कारण वायूत शोधत बसशील.

आणि कॉस्टिकची बाटली तापलेली असताना झाकण उघडू नको. पूर्ण निवू दे, चष्मा लाव, मग उघड.